अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉल : खेळाडूंची गळती आणि राखीव फळी

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल संघांतून पदवी, दुखापत, व्यावसायिक खेळाकडे प्रस्थान, दुसऱ्या विद्यापीठात स्थलांतर, अभ्यासातील अपात्रता किंवा खेळावरून मन उडणे अशा कारणांनी दरवर्षी खेळाडू कमी होतात. या घटीला गळती म्हणतात, आणि ती सोसूनही प्रत्येक जागेवर सामना पेलू शकेल असा खेळाडू उभा करण्याच्या क्षमतेवरून संघाची राखीव फळी जोखली जाते. येथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळण्याचा व फेकण्याचा अमेरिकी खेळ होय. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ‘एनसीएए’ या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या पहिल्या विभागातील सर्वोच्च श्रेणीच्या संघांचा विचार केला आहे.

मैदानावर एका संघाचे एका वेळी ११ खेळाडू असले, तरी आक्रमण, बचाव आणि चेंडू लाथेने मारण्याचे प्रसंग यांसाठी वेगवेगळ्या तुकड्या असतात. ही रचना नियमांच्या चढउतारांतून आली. १९४१ मध्ये बदली खेळाडूंवरील निर्बंध सैल झाले आणि १९४५ मध्ये मिशिगनचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रायस्लर यांनी लष्करी अकादमीच्या बलाढ्य आर्मी संघाविरुद्ध आक्रमणाला एक व बचावाला दुसरी तुकडी उतरवली. पुढे ती रीत पसरली. पण एवढे खेळाडू पोसणे छोट्या महाविद्यालयांना परवडेना, म्हणून १९५३ मध्ये मुक्त बदली रद्द करण्यात आली. १९६५ मध्ये ती परत आली आणि तेव्हापासून संघाची संख्या हा थेट पैशाशी जोडलेला प्रश्न झाला.

संघाच्या यादीत शंभर नावे आहेत म्हणून फळी भक्कम आहे, असे मानणे फसवे ठरते. चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या जागी चेंडू घेऊन पळणारा खेळाडू चालत नाही आणि प्रतिस्पर्ध्यांना अंगाने अडवणाऱ्या आक्रमक रांगेतील लाइनमनच्या जागी तर दुसरा कोणीच चालत नाही. २०२० मध्ये कोविडच्या साथीत सामना खेळवायचा की नाही हे ठरवण्यासाठी साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या स्पर्धागटाने किमान ५३ शिष्यवृत्तीधारक खेळाडूंची अट घातली होती. त्याचबरोबर आक्रमक रांगेचे ७, बचावाच्या मधल्या रांगेचे ४ आणि १ क्वार्टरबॅक उपलब्ध असलाच पाहिजे, असेही म्हटले होते. संघ नेमका कुठे मोडतो, याविषयी खेळातल्या लोकांचे काय मत आहे ते या अटीत दिसते. शाळेतून आलेला अठरा वर्षांचा लाइनमन बावीस वर्षांच्या, चार वर्षे व्यायामशाळेत घालवलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर सहसा टिकत नाही. त्यामुळे या जागांवरची राखीव फळी दोन-तीन वर्षे आधी पेरावी लागते, आणि मधल्या एखाद्या वर्षाची भरती गळून गेली तर तिची उणीव पुढे दोन मोसमांनी जाणवते.

गळतीचा काही भाग अटळ असतो. खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार मोसम खेळता येतात. उरलेल्या वर्षाला रेडशर्ट वर्ष म्हणतात. २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही हे वर्ष शाबूत राहते, त्यामुळे नवख्यांना मोसमाच्या अखेरीस अजमावून पाहण्याची सोय झाली. शाळा सोडल्याला तीन वर्षे झालेला खेळाडू ‘एनएफएल’ या व्यावसायिक लीगच्या निवडीसाठी पात्र ठरतो, म्हणून सर्वोत्तम खेळाडू पात्रता शिल्लक असतानाच निघून जातात. २०१९ चा मोसम १५-० असा अजिंक्य राहून जिंकलेल्या लुइझियाना स्टेटचे १४ खेळाडू २०२० च्या निवडीत घेतले गेले आणि त्या वर्षी संघाची कामगिरी ५-५ (पाच विजय, पाच पराभव) अशी घसरली. याउलट जॉर्जियाचे १५ खेळाडू २०२२ मध्ये निवडले गेले, तरी तोच संघ पुढच्या मोसमात एकही सामना न हरता पुन्हा विजेता झाला आणि अंतिम सामन्यात त्याने टेक्सस ख्रिश्चन संघाला ६५-७ असे हरवले. लुइझियानाच्या घसरणीत साथीचा आणि प्रशिक्षकांच्या जाण्याचाही वाटा होता. तरीही राखीव फळीची किंमत सांगणारी याहून बोलकी जोडी सापडणे अवघड आहे.

१९७३ पूर्वी किती खेळाडूंना शिष्यवृत्ती द्यावी यावर देशव्यापी मर्यादा नव्हती. श्रीमंत विद्यापीठे गरजेपेक्षा जास्त खेळाडू घेत आणि त्यांतले काही निव्वळ प्रतिस्पर्ध्याला मिळू नयेत म्हणून बाकावर बसवून ठेवत. १९७३ मध्ये एकूण १०५ व दरवर्षी ३० नव्या शिष्यवृत्त्या अशी मर्यादा आली. १९७८ मध्ये एकूण आकडा ९५ झाला आणि १९९२ पासून टप्प्याटप्प्याने कमी होत १९९४ मध्ये ८५ वर स्थिरावला. वार्षिक भरतीची मर्यादा नंतर २५ झाली. या दोन आकड्यांमधली विसंगती उघड आहे : दरवर्षी २५ घेतले तर चार वर्षांत १०० होतात, म्हणजे नियमातच गळती गृहीत धरलेली होती. काही प्रशिक्षक त्यापुढे जाऊन उपलब्ध जागांपेक्षा जास्त मुलांची करारपत्रे घेत आणि मग जागा मोकळ्या करण्यासाठी जुन्या खेळाडूंच्या शिष्यवृत्तीचे नूतनीकरण थांबवत, किंवा त्यांना वैद्यकीय कारणाने खेळातून निवृत्त करत. २००९ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाचे प्रशिक्षक ह्यूस्टन नट यांनी ३७ जणांची करारपत्रे घेतली, तेव्हा ओरड झाली आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्सने आधी २८ व नंतर २५ ची मर्यादा घातली. आकडेवारीत अशी हकालपट्टी आणि स्वेच्छेने झालेले प्रस्थान एकाच रकान्यात पडतात. त्यामुळे गळतीचे आकडे वाचताना कोण गेले यापेक्षा कोणी घालवले हे आधी विचारावे लागते.

शिष्यवृत्तीच्या मर्यादेबाहेर स्वखर्चाने खेळणाऱ्यांना वॉक-ऑन म्हणतात. नेब्रास्काने प्रशिक्षक बॉब डेव्हेनी आणि टॉम ऑस्बॉर्न यांच्या काळात राज्यातील छोट्या गावांतून असे खेळाडू मोठ्या संख्येने घेतले, वर्षानुवर्षे घडवले आणि आक्रमक रांगेसाठी त्यांचा पुरवठा कायम ठेवला. क्वार्टरबॅक बेकर मेफिल्ड टेक्सस टेक व ओक्लाहोमा या दोन्ही ठिकाणी वॉक-ऑन म्हणूनच आला आणि वर्षातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा २०१७ चा हाइझमन करंडक जिंकून गेला. जॉर्जियाच्या लागोपाठच्या दोन विजेतेपदांचा क्वार्टरबॅक स्टेट्सन बेनेटही मुळात वॉक-ऑन होता.

राखीव फळीची सर्वांत प्रसिद्ध परीक्षा २०१४ मध्ये ओहायो स्टेटची झाली. मोसम सुरू होण्याआधीच पहिला क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर खांद्याच्या दुखापतीने बाद झाला. त्याच्या जागी आलेल्या जे. टी. बॅरेटने संघ सावरला, पण मिशिगनविरुद्धच्या साखळीतील शेवटच्या सामन्यात त्याचा घोटा मोडला. तिसऱ्या क्रमांकाच्या कार्डेल जोन्सने त्यानंतर विस्कॉन्सिनला ५९-०, अलाबामाला ४२-३५ आणि १२ जानेवारी २०१५ रोजी अंतिम सामन्यात ओरेगनला ४२-२० असे हरवून विजेतेपद मिळवून दिले. त्याच्या बाहूंइतकेच श्रेय आक्रमक रांगेला आणि अंतिम सामन्यात २४६ यार्ड धावलेल्या इझिकिएल एलियटला जाते, हे विसरता कामा नये.

परंतु अशी फळी फार काळ जपता येत नाही, कारण बाकावर बसलेला चांगला खेळाडूच सर्वांत आधी जाण्याचा विचार करतो. जानेवारी २०१८ च्या अंतिम सामन्यात अलाबामाने क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला मध्यंतरात बसवून नवख्या टुआ टागोवायलोआला उतरवले आणि जॉर्जियाला जादा वेळेत २६-२३ असे हरवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टुआ जखमी झाल्यावर हर्ट्सने येऊन पुन्हा जॉर्जियाविरुद्धच सामना फिरवला, आणि मोसम संपताच तो ओक्लाहोमाला गेला. ओहायो स्टेटमध्ये संधी न मिळालेला जो बरो लुइझियाना स्टेटला जाऊन विजेता झाला. त्याच ओहायो स्टेटला पुढे जॉर्जियाच्या बाकावरून आलेला जस्टिन फील्ड्स मिळाला.

पूर्वी संघ बदलणाऱ्याला एक वर्ष बाहेर बसावे लागे, आणि गळतीला खरा आवर या अटीचा होता. १५ ऑक्टोबर २०१८ रोजी ट्रान्सफर पोर्टल ही नोंदवही सुरू झाली. तीत नाव घालण्यासाठी प्रशिक्षकाची परवानगी लागत नाही. २०२१ मध्ये एकदा संघ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली, त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नाव-प्रतिमेच्या वापरातून कमाई करता येऊ लागली आणि २०२४ मध्ये, न्यायालयीन लढाईनंतर, अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कितीही वेळा संघ बदलण्याची वाट खुली झाली. २५ ची वार्षिक मर्यादाही या ओघात गेली, कारण एवढ्या जागा जुन्या नियमाने भरून निघणे शक्यच नव्हते.

यानंतर संघबांधणीची दोन टोके दिसली. २०२२ मध्ये १-११ अशी कामगिरी केलेल्या कोलोराडोचे प्रशिक्षकपद स्वीकारताच डिऑन सँडर्स यांनी जवळजवळ सगळा संघ बदलला आणि पन्नासहून अधिक खेळाडू बाहेर पडले. पहिल्या वर्षी ४-८ आणि दुसऱ्या वर्षी ९-४ अशी प्रगती झाली, पण पहिल्या वर्षी आक्रमक रांग पोर्टलवरून घाईने उभी करता येत नाही, हेही उघड झाले. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांनी इंडियानाला जाताना जेम्स मॅडिसन विद्यापीठातील आपले जुने, मुरलेले खेळाडू डझनभराने बरोबर नेले. आदल्या वर्षी ३-९ असलेला संघ २०२४ मध्ये ११-२ झाला आणि २०२५ च्या मोसमात १६-० अशा कामगिरीने विजेता ठरला. इंडियानाने तारे जमवण्यापेक्षा एकमेकांना ओळखणारे चौथ्या-पाचव्या वर्षाचे खेळाडू जमवले, हा फरक दोन्ही संघांच्या निकालांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मोसम संपण्याआधीच संघ विरघळू लागणे ही या काळाची खास अडचण आहे. १३-० असूनही फ्लोरिडा स्टेटला २०२३ च्या अंतिम चार संघांत घेतले गेले नाही, कारण क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये जखमी झाला होता. नंतरच्या ऑरेंज बोल या मोसमोत्तर सामन्यातून अनेक प्रमुख खेळाडू बाजूला झाले, उरलेल्यांना जॉर्जियाने ६३-३ असे हरवले आणि पुढच्या मोसमात संघाची कामगिरी २-१० झाली. डिसेंबर २०२४ मध्ये मार्शल विद्यापीठाने सन बेल्ट कॉन्फरन्स जिंकली, प्रशिक्षक चार्ल्स हफ सदर्न मिसिसिपीला गेले, दोन डझनांहून अधिक खेळाडूंनी पोर्टलमध्ये नावे घातली आणि पुरेसे खेळाडू नसल्याने विजेत्या संघाला इंडिपेंडन्स बोलमधून माघार घ्यावी लागली.

याच मार्शल विद्यापीठाने गळतीचे सर्वांत दारुण रूप पाहिले आहे. १४ नोव्हेंबर १९७० रोजी विमान कोसळून संघ व प्रशिक्षकांसह ७५ जण मृत्युमुखी पडले. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्याची परवानगी नव्हती. एनसीएएने मार्शलला त्यातून सूट दिली आणि १९७१ मध्ये मुख्यतः नवख्यांच्या संघाने झेवियरला १५-१३ असे हरवले. पहिल्या वर्षाच्या सर्व खेळाडूंना मुभा मिळाली ती १९७२ मध्ये.

शिक्षा म्हणून लादलेली गळती हा वेगळा प्रकार आहे. सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाचा १९८७ चा मोसम एनसीएएने रद्द केला. १९८८ चा मोसम विद्यापीठाला स्वतःच सोडून द्यावा लागला. सदर्न कॅलिफोर्नियाच्या २०१० मध्ये तीन वर्षांत मिळून ३० शिष्यवृत्त्या कापल्या गेल्या. २०१२ मध्ये पेन स्टेटला ८५ ऐवजी ६५ ची मर्यादा लावण्यात आली आणि खेळाडूंना तत्काळ संघ सोडण्याची मोकळीक दिली गेली. ही शिक्षा पुढे मुदतीआधीच मागे घेतली गेली. पेन स्टेटचा चेंडू घेऊन पळणारा खेळाडू सायलस रेड तेव्हा गेला तो स्वतः शिष्यवृत्ती-कपात भोगणाऱ्या सदर्न कॅलिफोर्नियाकडे.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या ‘हाउस’ खटल्यातील तडजोड मंजूर केली. तीनुसार सहभागी विद्यापीठांना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंत वाटता येते; शिष्यवृत्तींची मर्यादा गेली आणि संघातील एकूण खेळाडूंवर १०५ ची मर्यादा आली. १२० किंवा अधिक खेळाडू बाळगणाऱ्या संघांत याचा फटका वॉक-ऑनना बसला. विल्केन यांच्या आग्रहामुळे, या मर्यादेपायी आधीच काढले गेलेल्या खेळाडूंना उरलेल्या पात्रतेपुरते मोजणीतून वगळण्याची तरतूद झाली, पण त्यांना परत घेण्याचे बंधन विद्यापीठांवर नाही. पाठोपाठ पोर्टलची वसंतातली मुदतही रद्द होऊन २०२६ साठी २ ते १६ जानेवारी ही एकच मुदत ठेवण्यात आली. प्रशिक्षक बदलल्यास मिळणारी सवलत तेवढी वेगळी आहे. वसंतातील सरावात कोणी जखमी झाला किंवा एखादी जागा कच्ची निघाली, तर ती आता हाती असलेल्या खेळाडूंतूनच भरावी लागते.