बाळाच्या रक्तातला ०.३५

दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. पीसीव्ही, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस या जिवाणूवरच्या लशीचे हे तीन डोस. ताप आला की घरातलं मोठं माणूस म्हणतं, 'लस लागली बरं.' पण तापावरून ते ठरत नाही, रक्तच तपासावं लागतं.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'न्यूमोसिल'ची मोठी चाचणी गांबियात झाली. तिथल्या बाळांना सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना डोस दिले आणि शेवटच्या डोसनंतर चार आठवड्यांनी रक्त घेतलं. या लशीत न्यूमोकोकसचे दहा प्रकार आहेत आणि प्रत्येकाची मोजणी वेगळी होते.

पहिली पद्धत एलायझा. प्लास्टिकच्या ताटलीत ९६ खळगे, त्यांच्या तळाशी जिवाणूच्या कवचातली साखर चिकटवलेली. त्यावर बाळाच्या रक्ताचं सीरम टाकलं की नेमक्या अँटीबॉडी साखरेला धरतात, बाकीचं धुऊन जातं. मग रंग जितका गडद, तितक्या अँटीबॉडी जास्त. यात एक मेख आहे. सगळ्याच न्यूमोकोकसच्या भिंतीत असणाऱ्या एका साखरेविरुद्धच्या अँटीबॉडीही रक्तात असतात. त्या संरक्षणाच्या दृष्टीने फारशा कामाच्या नाहीत, पण आकडा फुगवतात. म्हणून सीरममध्ये ती साखर आधीच मिसळून त्यांना गुंतवून ठेवतात.

मिलिलिटरला ०.३५ मायक्रोग्रॅम अँटीबॉडी ही संरक्षणाची सर्वमान्य रेषा. ती कॅलिफोर्निया, अमेरिकेतले नवाहो-अपाची आदिवासी आणि दक्षिण आफ्रिका इथल्या चाचण्या एकत्र करून काढलेली. ही रेषा लशींची तुलना करण्यासाठी आहे; आपल्या एकट्या बाळाचा रिपोर्ट काढून त्यावर बोट ठेवण्यात अर्थ नाही.

मला दुसरी पद्धत जास्त आवडते, कारण तिच्यात अँटीबॉडीकडून कामच करून घेतात. जिवंत जिवाणू, पातळ करत नेलेलं सीरम, सशाच्या पिल्लाच्या रक्तातलं कॉम्प्लिमेंट (अँटीबॉडीला मदत करणारी प्रथिनं) आणि जिवाणू गिळणाऱ्या पेशी एकत्र ठेवायच्या. मग ते मिश्रण वाढीच्या माध्यमावर टाकून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी उगवलेले ठिपके, म्हणजे वाचलेले जिवाणू, मोजायचे. सीरम किती पट पातळ केलं तरी निम्मे जिवाणू मरतात, ते उत्तर. आठ पट किंवा जास्त आलं, तर अँटीबॉडी कामाच्या.

हा खटाटोप कशासाठी, ते १९ए या प्रकाराने दाखवलं. अमेरिकेत २००० साली आलेल्या सात प्रकारांच्या लशीत त्याचा भाऊबंद १९एफ होता. बाळांमध्ये १९एला चिकटणाऱ्या अँटीबॉडीही एलायझात दिसत होत्या, पण मारण्याच्या चाचणीत त्या फिक्या पडल्या. पुढे तिथे १९एचेच आजार वाढले. न्यूमोसिलच्या दहांत १९ए आणि १९एफ दोन्ही आहेत.