चार इंच लिफ्ट केली तरी डिफरन्शियल जिथल्या तिथेच

पिकअपला लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणारे सुटे भाग, लावायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, दोन इंच घेऊ, चार घेऊ की डायरेक्ट सहा? आणि डोक्यात एक समज पक्का असतो की जेवढी लिफ्ट तेवढा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा सगळ्यात खालचा भाग यांतलं अंतर, वाढणार. साफ चूक. मागे सरळ एक्सल असलेल्या पिकअपमध्ये सगळ्यात खाली असतं ते डिफरन्शियल, म्हणजे एक्सलच्या मधला गिअरचा गोळा, आणि ते चाकांच्याच आधारावर उभं असतं, त्यामुळे पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) आणि एक्सलच्या मध्ये ब्लॉक टाकून बॉडी कितीही उचला, ते होतं तेवढ्याच उंचीवर राहतं. ते वर न्यायला टायरच मोठा लागतो आणि त्यातही वाढलेल्या व्यासाच्या निम्माच फायदा मिळतो, म्हणजे ३१ इंची काढून ३३ इंची टायर टाकला तर मिळाला १ इंच.

मग लिफ्ट कशाला? मोठा टायर फेंडरला घासू नये आणि उंचवट्यावरून जाताना गाडीचं पोट टेकू नये म्हणून. त्यामुळे आधी टायर ठरवायचा, आणि तो बसेल एवढीच लिफ्ट घ्यायची.

जास्त का नाही, याचं खरं उत्तर जॉइंटमध्ये आहे आणि मला हा भाग फार आवडतो. मागच्या डिफरन्शियलपर्यंत फिरण्याची ताकद नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंटने, म्हणजे आपल्या क्रॉसने जोडलेला असतो. क्रॉसचे दोन हात एका शाफ्टबरोबर फिरतात, दोन दुसऱ्याबरोबर, आणि दोन्ही शाफ्टमध्ये कोन असला की त्या दोन जोड्यांची फिरण्याची वर्तुळं एकमेकांशी तिरकी होतात. म्हणून पहिला शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी दुसरा प्रत्येक फेरीत दोनदा जरा जोरात आणि दोनदा जरा हळू फिरतो. ५ अंशाला हा फरक साधारण ०.४ टक्के, १० अंशाला १.५ आणि २० अंशाला ६ टक्के, म्हणजे कोन दुप्पट झाला की हिसका चौपट. शाफ्ट मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असेल तर हे सेकंदाला १०० वेळा होतं, सीटखाली जी थरथर जाणवते ती हीच. दुसऱ्या टोकाला तेवढ्याच कोनात दुसरा क्रॉस असला की डिफरन्शियलपर्यंत वेग पुन्हा सरळ होऊन पोचतो, पण मधला शाफ्ट हिसके खातच राहतो, आणि लिफ्ट करताना एक्सल जरा जरी वळला तर दोन कोन सारखे राहत नाहीत आणि ते सरळ होणंही गेलं. त्यासाठीच पाट्याखाली पाचर टाकून एक्सलचा कोन जुळवतात.

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं वरखाली होणारं, असेल तर तिथे चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टला सीव्ही (एकसमान वेगाचा) जॉइंट असतो, त्यातले गोळे बरोबर मधल्या प्रतलात राहतात म्हणून वेग कमीजास्त होत नाही. पण तिथला शाफ्ट आखूड. मागचा दीड मीटरचा शाफ्ट ४ इंच लिफ्टने ४ अंशापेक्षाही कमी तिरका होतो, पुढचा अर्ध्या मीटरचा मात्र ११ अंशांच्या वर जातो, २ इंचाला जेमतेम ६. कोन वाढला की गोळे जास्त घासतात, तापतात, रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात, ग्रीस बाहेर आणि माती आत. हा कोन गाडी सपाटीवर उभी असताना बघू नका, जॅक लावून चाक पूर्ण लोंबू द्या आणि मग बघा, खड्ड्यात चाक उतरतं तेव्हा जॉइंटला तोच कोन झेलावा लागतो.

'राइड आधीसारखीच राहील' या जाहिरातीवर तर अजिबात जाऊ नका. स्प्रिंग जास्त दाबून मिळवलेल्या लिफ्टमध्ये शॉकअपची एकूण चाल तेवढीच राहते, चाकाला वर जायला जास्त मिळते ती खाली जाण्यातून कापलेली असते, मग चाक खड्ड्यात उतरलं की शॉकअप टोकाला जाऊन ठोकतो.

उलटण्याचा हिशोबही बघा. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा आकडा जेवढा मोठा तेवढी गाडी उलटायला अवघड. १६० सेमी अंतर आणि ७० सेमी उंची असेल तर १.१४, तीच उंची ७८ झाली तर १.०३, म्हणजे वळणावर न उलटण्याची ताकद जवळजवळ १० टक्के गेली.

रोज रस्त्यावर चालणाऱ्या आणि अधूनमधून कच्च्यात जाणाऱ्या पिकअपला २ इंच बास. ४ च्या पुढे जायचं तर पुढचं डिफरन्शियल खाली घेणारं किट लागतं, आणि ते खाली आलं की तिथला क्लिअरन्स परत गेलाच. आणि ३१ वरून ३३ वर गेलात तर स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ६४ च्या आसपास पळत असते, तेवढं कॅलिब्रेशन त्याच दिवशी करून घ्या, हेडलाइटचा झोतही खाली करा.