ऊ बुडते ती स्वतःच्याच पाण्यात

‘रात्री पोराच्या डोक्यावर भरपूर तेल चोपडा, वरून घट्ट फडके बांधा, सकाळपर्यंत सगळ्या उवा गुदमरून मरतील.’ हा सल्ला ऐकला नाही असा पालक विरळाच. त्यातला ‘गुदमरून’ हा शब्द मला दर वेळी खटकतो. ऊ इतक्या सहज गुदमरत नाही. पाण्याखाली ती काही तास तग धरते. पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनच्या पाण्यातूनही केसाला घट्ट धरून ती सुखरूप बाहेर येते. अंगावर द्रव आला की ती हालचाल थांबवते, श्वासरंध्रे मिटून घेते आणि स्वस्थ पडून राहते. तेलात निपचित पडलेली ऊ आपल्याला मेल्यासारखी वाटते. डोके धुतल्यावर थोड्या वेळाने तिचे पाय पुन्हा हलू लागतात.

(प्लॅस्टिकची पिशवी डोक्याला बांधून मुलाला झोपवणे हा तर थेट जिवाशी खेळ आहे. तिथे गुदमरण्याचा धोका उवेला नाही, मुलाला आहे.)

आधी नेहमीच्या औषधांविषयी. पर्मेथ्रिनसारखी औषधे उवेच्या मज्जातंतूंवर घाव घालतात. मज्जापेशीत सोडियम आत घेणारी एक वाहिनी असते. पर्मेथ्रिन ती उघडीच ठेवते, त्यामुळे पेशी सतत संदेश पाठवत राहते आणि कीटक लुळा पडतो. पण त्या वाहिनीच्या प्रथिनात एक-दोन ठिकाणी बदल झाला की औषध तिथे नीट बसत नाही. अमेरिकेतल्या ४८ राज्यांतून गोळा केलेल्या उवांची तपासणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत असे बदललेले जनुक सरासरी ९८ टक्क्यांच्या आसपास आढळले. माझ्या मते खरी काळजी इथे आहे. सांगितल्याप्रमाणे वापरलेले पर्मेथ्रिन माणसाला फारसे घातक नाही. मात्र औषध लागू पडत नाही म्हटल्यावर पालक ते पुन्हा पुन्हा लावतात, जास्त वेळ ठेवतात, आणि शेवटी रॉकेलपर्यंत किंवा शेतातल्या कीटकनाशकापर्यंत जातात. मुले त्याने भाजली आहेत, विषबाधेने दगावलीही आहेत. हे दोन्ही डोक्याजवळ येता कामा नयेत.

‘आमचे नैसर्गिक आहे’ या जाहिरातीलाही भुलू नका. पर्मेथ्रिन ज्याच्या नमुन्यावर बनवले ते पायरेथ्रिन शेवंतीच्या कुळातल्या फुलातूनच निघते. कापूरही मूळचा झाडाचाच, पण लहान मुलाच्या पोटात थोडासा गेला तरी झटके येऊ शकतात. वनस्पतिजन्य की कारखान्यातले, हा प्रश्नच चुकीचा आहे. हा पदार्थ उवेला नेमका कशाने मारतो, हे विचारायला हवे.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ऊ रक्ताखेरीज काहीही खात नाही, आणि दिवसातून अनेकदा खाते. रक्तात सुमारे चार पंचमांश पाणीच असते, म्हणजे प्रत्येक जेवणाबरोबर तिच्या पोटात पाण्याचा लोंढा येतो. हे पाणी बाहेर टाकायचे कुठून? मादी डास रक्त पिता पिताच मागून द्रवाचे थेंब सोडते. उवेला ही सोय नाही. तिची विष्ठा कोरडी, भुकटीसारखी असते. मुलाच्या उशीवर कधी कधी काळसर पूड दिसते, ती हीच. मग जास्तीचे पाणी जाते कुठे? श्वासावाटे, वाफ होऊन. उवेच्या छातीवर श्वासरंध्रांची एक जोडी असते आणि पोटाच्या कडांवर सहा जोड्या. या चौदा बारीक भोकांतून हवा आत जाते आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. आपण ज्याला श्वास म्हणू, तेच तिच्या पाण्याचे गटारही आहे.

ही भोके नुसत्या पाण्याने बुजत नाहीत, आणि याचे कारण आहे पृष्ठताण. द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. पाण्याचा ताण मोठा, सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर. शिवाय उवेच्या कवचावर मेणाचा थर असतो. पाणी मेणावर पसरत नाही, गोळा होऊन बसते, त्यामुळे ते भोकात शिरतच नाही. वनस्पती तेलांचा ताण ३२-३३च्या घरात असतो. ती मेणावर पसरतात, पण त्यांनी उवा मरतातच असा भरवशाचा निकाल मिळालेला नाही. सिलिकोन तेलाचा ताण जेमतेम २०-२१. मेणाळ पृष्ठभाग दिसला की ते आपणहून पसरत जाते आणि बारीक फटीत ओढले जाते. डायमेथिकोन हे असेच सिलिकोन तेल. ते रंगहीन, वासहीन आणि रासायनिकदृष्ट्या आळशी असते, कातडीतून रक्तात जात नाही, आणि केसांच्या कंडिशनरमध्येही वर्षानुवर्षे वापरले जाते.

डायमेथिकोननेही ऊ गुदमरते असेच आधी मानले जात होते. ब्रिटनमधले कीटकशास्त्रज्ञ इयान बर्जेस यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उवांना असा लोशन लावून त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. सिलिकोन श्वासरंध्रांच्या तोंडाशी आणि आतल्या नलिकांत सापडले. उवांची हालचाल झटकन थांबत होती, पण मरण मात्र हळूहळू येत होते, आणि नुसत्या गुदमरण्याशी हे जुळत नव्हते. मग लक्ष पाण्याकडे गेले. रंध्रे बुजली की वाफ बाहेर पडत नाही. प्यालेल्या रक्तातले पाणी आतच साठते, दाब वाढतो, काही उवांचे आतडे चक्क फुटते. पाण्यात न बुडणारी ऊ स्वतःच्याच पाण्यात बुडते!

या मरणात मज्जातंतूंचा संबंध नाही, त्यामुळे सोडियम वाहिनीतल्या बदलाचा उवेला इथे काही उपयोग नाही. वापरताना तीन गोष्टी पाळा. काही डायमेथिकोन लोशन ज्वालाग्राही असतात, म्हणून डोके धुऊन होईपर्यंत मुलाला आगीजवळ जाऊ देऊ नका. वेष्टनावर लिहिलेले वय पाहा, आणि अगदी लहान बाळ असेल तर डॉक्टरांना विचारा. आणि एकदा लावून थांबू नका. काही लिखा वाचतात, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावावे लागते.

लोशन नको असेल तर फणी आहेच. इस्राएलमधल्या लाखीश या प्राचीन शहराच्या उत्खननात २०१६ मध्ये एक छोटी हस्तिदंती फणी मिळाली, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांबीची. एका बाजूला गुंता सोडवायचे सहा जाड दात, दुसऱ्या बाजूला उवांसाठी चौदा बारीक दात. तिच्यावर कनानी या तिथल्या प्राचीन लिपीत कोरलेली ओळ २०२२ मध्ये वाचून प्रसिद्ध झाली: या हस्तिदंताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत. फणी सुमारे ३,७०० वर्षे जुनी, आणि तिच्या दातात उवेचे अवशेषही सापडले.

केस ओले करून भरपूर कंडिशनर लावायचा. त्याने उवा मरत नाहीत, पण काही मिनिटे जागच्या हलत नाहीत आणि फणी अडकत नाही. मग एकेक बट घेऊन मुळापासून टोकापर्यंत फणी ओढायची आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या कागदावर पुसायची. दातांमधली फट ०.२ ते ०.३ मिलिमीटर हवी. वेल्समध्ये २००० साली झालेल्या चाचणीत फणीने ३८ टक्केच मुले बरी झाली, मॅलाथिऑन या कीटकनाशकाने ७८ टक्के. ब्रिटनमध्येच २००५ साली सुधारित फणीने ५७ टक्के, तर कीटकनाशकाने फक्त १३ टक्के. यातून फणीचा जयजयकार करण्याचे कारण नाही. चांगल्या चाचणीतही दहातल्या चार मुलांच्या डोक्यात उवा उरल्याच.

त्या का उरतात, हे लिखेचा हिशेब मांडला की कळते. लीख केसाला चिकटते ती प्रथिनाच्या डिंकाने. केसही प्रथिनाचाच. लीख विरघळवणारा आणि केस शाबूत ठेवणारा द्रव मिळणे म्हणूनच कठीण. व्हिनेगरनेही तो डिंक सुटत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या केसांवरचा हा डिंक इतका शाबूत होता की त्यात अडकलेल्या कातडीच्या पेशींतून त्या माणसांचे डीएनए मिळाले. मग लिखा खरवडत बसण्यापेक्षा त्यांतून पिल्ले निघू द्यावीत. ती साधारण सात ते दहा दिवसांत निघतात. पिल्लू तीनदा कात टाकते आणि अंडी घालण्याजोगे व्हायला त्याला आणखी आठवडाभर तरी लागतो. तुम्ही दर तीन-चार दिवसांनी फणी फिरवलीत, तर कोणत्याही पिल्लावर वयात येण्याआधी किमान दोनदा फणी येते. नवी लीख घातली जात नाही, आणि जुन्या लिखा संपतात. दोन-अडीच आठवडे एकही खेप न चुकवता हे करायचे. बहुतेक घरी दुसऱ्या खेपेनंतर खाज थांबलेली दिसते आणि तिसरी खेप राहून जाते.

खाजेवर तर मुळीच भिस्त ठेवू नका. ती उवेच्या लाळेची ॲलर्जी असते आणि पहिल्यांदा उवा झाल्या तर सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे टाळूपासून सेंटिमीटरभर लांब असलेली लीख म्हणजे रिकामे टरफल. तेवढ्यावरून मुलाला शाळेतून घरी पाठवण्यात काही अर्थ नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही याच्या विरोधात आहे. उवा अस्वच्छतेने होत नाहीत, घामातून किंवा मळातून आपोआप उपजत नाहीत, उडत नाहीत, उड्या मारत नाहीत. डोक्याला डोके लागले की त्या सरकतात. डोक्याबाहेर त्या एक-दोन दिवसांत मरतात, तेव्हा सगळे घर धुवून काढू नका.

शेवटच्या दोन खेपांत फणीवर काहीच आले नाही, तर काम झाले. पिल्लू आले तर बहुधा तुमची एखादी खेप चुकली आहे, पुन्हा पहिल्यापासून मोजा. आणि पूर्ण वाढलेली, दोन-तीन मिलिमीटरची ऊ आली तर ती बहुधा या डोक्यात वाढलेलीच नाही. तुमच्या फणीने तिला तेवढे दिवस मिळूच दिले नसते. ती दुसऱ्या कुणाच्या डोक्यातून आली आहे. घरातल्या सगळ्यांची आणि रोज सोबत खेळणाऱ्या मुलांची डोकी त्याच दिवशी तपासा.