चालतंय की, पण बरोबर चालतंय का?

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये किंवा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या ऑफिसात जुन्या सॉफ्टवेअरबद्दल विचारलं, तर उत्तर ठरलेलं: ‘चालतंय की!’ पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीत, म्हणजे पायथन 2 मध्ये, लिहिलेला प्रोग्रॅम आजही चालतो, हे खरंच. पण त्या आवृत्तीची देखभाल 1 जानेवारी 2020 पासून बंद आहे. त्यात सुरक्षेचं नवं भगदाड सापडलं, तर मूळ टीम ते बुजवणार नाही. म्हणून पायथन 3 वर यायला हवं. 2008 साली आलेली ही आवृत्ती मात्र जुनीशी जुळणार नाही, हे निर्मात्यांनी जाणूनबुजून पत्करलेलं होतं.

जुन्या पद्धतीनं, कंसाशिवाय लिहिलेली प्रिंट ही मजकूर दाखवायची आज्ञा दिसली की नवा पायथन जागेवरच अडतो. ही दुरुस्ती सोपी. ‘टू टू थ्री’ नावाचं साधन अशा ओळी आपोआप बदलून देतं. मला धास्ती वाटते ती न अडणाऱ्या ओळींची.

समजा, 150 नग आहेत, पेटीत 12 बसतात आणि भरलेल्या पेटीमागे हमाली 200 रुपये आहे. पायथन 2 पूर्णांकांचा भागाकारही पूर्णांकातच देतो, म्हणून 150/12 चं उत्तर 12 आणि हमाली 2400. पायथन 3 मध्ये तेच उत्तर 12.5, हमाली 2500. ओळ तीच, एरर नाही, बिल वेगळं. जुनं उत्तर हवं असेल तर दोन तिरक्या रेघा द्याव्या लागतात, आणि कुठे द्यायच्या हे हिशेब समजणाऱ्या माणसालाच ठरवावं लागतं. राउंडचं, म्हणजे रक्कम पूर्ण रुपयात करण्याचंही तसंच: 1012.50 रुपयांचे जुना पायथन 1013 करतो, नवा 1012. कारण बरोबर अर्ध्यावर आलेली रक्कम तो जवळच्या सम संख्येकडे नेतो.

सगळ्यात मोठा बदल अक्षरांत आहे, आणि तो आपल्या फायद्याचा आहे. यूटीएफ-8 या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह 3 बाइट, म्हणजे साठवणुकीची 3 घरं घेतं. ‘कोल्हापूर’ या शब्दात काना, मात्रा, हलन्त धरून 9 चिन्हं आहेत, म्हणजे 27 बाइट. साध्या मजकुराची लांबी विचारली तर पायथन 2 सांगतो 27, पायथन 3 सांगतो 9. जुन्या प्रोग्रॅमनं हा शब्द 20 बाइटांवर कापला, तर कात्री ‘प’च्या मधूनच चालते आणि छापील कागदावर भलतंच चिन्ह उमटतं.

पण इथेच एक सापळा आहे. ठरावीक रुंदीच्या, म्हणजे प्रत्येक रकान्याला मोजून जागा दिलेल्या फाइलमध्ये गावासाठी 30 बाइटांची जागा असेल, तर जुना प्रोग्रॅम ‘कोल्हापूर’पुढे 3 मोकळ्या जागा भरतो. नवा 9 चिन्हं मोजून 21 भरतो. फाइलमध्ये होतात 48 बाइट. पुढची रक्कम 18 घरं सरकते, आणि बाइट मोजून वाचणारं दुसरं सॉफ्टवेअर भलताच आकडा उचलतं.

त्यामुळे साखर कारखान्यात हे काम निघालं, तर मागच्या गाळप हंगामातली पंधरवड्यांची ऊसबिलं जुन्या आणि नव्या अशा दोन्ही प्रोग्रॅममधून काढून पैशापर्यंत ताडून पाहावीत. नमुन्यात मराठी नावं हवीत, अर्ध्या रुपयावर येणाऱ्या रकमा हव्यात, रिकामे रकानेही हवेत. फरक पडलेली प्रत्येक ओळ जुन्या माहीतगार क्लार्कला शेजारी बसवून तपासायची, कारण दर वेळी चूक नव्याचीच असते असं नाही.