लघवीचा त्रास आहे? मग सर्दीची गोळी मागण्याआधी हे वाचा
(आमच्या सांगलीतल्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी)

दुकानात गर्दी असली की काही काका बाजूला थांबतात. गिऱ्हाईक पांगलं की काउंटरवर वाकून हळूच विचारतात, "लघवीसाठी काही आहे का?" हे पत्रक त्यांच्यासाठी. घरी नेऊन निवांत वाचा.

मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते आणि लघवीची नळी तिच्यामधून जाते. तरुणपणी अक्रोडाएवढी असलेली ही ग्रंथी उतारवयात बहुतेकांची वाढते आणि नळी आवळते. धार बारीक होते, जोर करावा लागतो, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. पुण्याच्या एसटीत बसायचं म्हणून सकाळपासून पाण्याला न शिवणारेही आहेत. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण नुसत्या त्रासावरून ते ठरवता येत नाही, आणि कारण शुगरही असू शकतं. म्हणून आधी डॉक्टर. लघवी, शुगर, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी) आणि लघवी झाल्यावर आत किती उरते ते पाहणारी सोनोग्राफी, एवढ्यात बरंच कळतं.

आता आमच्या काउंटरवरची गोष्ट. "नेहमीची सर्दीची पट्टी द्या." त्या पट्टीत बहुधा क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन असतं. पहिल्यानं मूत्राशयाचा जोर कमी पडतो, दुसऱ्यानं त्याचं तोंड आवळतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी यानं पार तुंबू शकते. मग लघवी काढायला बाहेरून नळी घालावी लागते. म्हणून आम्ही आधी विचारतो. राग मानू नका.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन (आवळलेली वाट सैल करणारी गोळी) चालू असेल तर अंथरुणातून झटकन उठू नका, चक्कर येते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळीबद्दल आवर्जून सांगा, पूर्वी घेऊन बंद केली असली तरी. फिनास्टराइडचा (वाढलेली ग्रंथी लहान करणारी गोळी) गुण यायला सहा महिने लागू शकतात, महिन्याभरात "लागू पडत नाही" म्हणून सोडू नका. तिच्यामुळे पीएसएचा आकडा साधारण निम्मा दिसतो, तेव्हा तपासणीच्या वेळी तीही सांगा. घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर तुटलेली गोळी तिच्या हाती देऊ नका. या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाहीत, ओळख कितीही जुनी असो.

लघवी अजिबात होत नसेल, लघवीतून रक्त जात असेल किंवा थंडी वाजून ताप आला, तर आमचं दुकान उघडायची वाट पाहू नका. सांगली-मिरजेत जे हॉस्पिटल जवळ असेल तिथे लगेच जा.

आणि दुकानात मोठ्यानं बोलायची गरज नाही. चिठ्ठी किंवा रिकामी पट्टी नुसती पुढे सरकवा.