कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी येतं कुठून?

पावसाळा लागला की घरच्या गॅरेजात ब्लास्टिंग कॅबिनेट (हवेच्या झोतात खरखरीत कण मारून सुटे भाग साफ करायची बंद पेटी) चालवणाऱ्यांची तक्रार ठरलेली: गन थुंकते, ग्रिटचे, म्हणजे त्या कणांचे गोळे होतात, साफ केलेला कार्ब्युरेटरचा ब्रॅकेट तासाभरात तांबूस दिसतो. मग "कॉम्प्रेसर पाणी मारतोय" म्हणून पिस्टनच्या रिंगा बदलल्या जातात. रिंगांचा यात काही दोष नसतो. ते पाणी आपणच हवेबरोबर आत ओढलेलं असतं.

जुलैतल्या वडोदऱ्याची हवा घ्या. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत साधारण 24 ग्रॅम वाफ असते. गेजवर 7 बार दिसतात तेव्हा (गेज बाहेरच्या हवेचा 1 बार धरत नाही) अशी आठ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबलेली असते, म्हणजे तिथे 190 ग्रॅमहून जास्त वाफ झाली. पण एका घनमीटर जागेत किती वाफ मावेल हे जवळजवळ फक्त तापमानावर ठरतं. शेजारी हवा किती दाटीवाटीने बसली आहे, याच्याशी वाफेला फारसं देणंघेणं नसतं. 40 अंशांना ही मर्यादा 51 ग्रॅम. उरलेल्या सुमारे 140 ग्रॅमचं पाणी होणारच. तासाला 17 घनमीटर, म्हणजे 10 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा ओढणारा कॉम्प्रेसर अशा दिवशी तासाभरात 300 मिलीलिटरच्या आसपास पाणी गाळतो.

हेच गणित मे महिन्यात करा. 40 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असताना घनमीटरमागे 10 ग्रॅमच वाफ, आणि टाकी 50 अंशांना गेलेली. आठपट कोंबली तरी 80 ग्रॅम, आणि तिथे 83 ग्रॅम मावतात, मग थेंबही पडत नाही. उन्हाळ्यात टाकी कोरडी निघाली म्हणून सेपरेटरचा (हवेतलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचा) खर्च वाचवणारे जुलैत अडकतात ते इथेच.

सेपरेटर थेंब पकडतो, वाफ त्यातून सरळ निघून जाते. पंपाच्या हेडमधून हवा 100 अंशांच्या वर तापून निघते. कॉम्प्रेसरला चिकटून लावलेला सेपरेटर म्हणूनच कोरडा राहतो आणि पाणी पुढे कॅबिनेटमध्ये पडतं. हवा आधी गार करायची. टाकीनंतर 8-10 मीटर जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) किंवा तांब्याचा पाइप भिंतीवर किंचित उतार देऊन फिरवा, सर्वांत खालच्या टोकाला खाली लोंबणारा तुकडा आणि बॉल व्हॉल्व्ह द्या. गनकडे जाणारी शाखा मात्र पाइपच्या वरच्या बाजूने काढा, नाहीतर तळातलं पाणी तिच्यात उतरेल. सेपरेटर कॅबिनेटजवळ, आणि दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरच्या आधी: तिथे हवा गारही असते आणि दाबही पूर्ण असतो. रेग्युलेटरनंतर दाब उतरतो, हवा पसरते आणि थोडी आणखी कोरडी होते. पीव्हीसी पाइप नकोच. दाबाखाली फुटला की त्याच्या धारदार ठिकऱ्या उडतात.

आता हवा किती लागते? सिफन गनचा (हवेच्या झोताने ग्रिट ओढून घेणाऱ्या गनचा) एअर जेट, म्हणजे हवेचं भोक, 2.4 मिलिमीटरचा असेल तर 80 पीएसआयला (सुमारे 5.5 बार) 11-12 सीएफएम, 3.2 मिलिमीटरला जवळजवळ 20. व्यासाचा वर्ग लागतो, त्यामुळे "जरा मोठा जेट" महागात पडतो. दर हॉर्सपॉवरला साधारण 4 सीएफएम धरा. पाटीवरचा आकडा बहुधा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टन सरकून जेवढी जागा व्यापतो तिचा असतो, प्रत्यक्ष हवा त्याच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश मिळते. विकत घेताना "फ्री एअर डिलिव्हरी" विचारा. दुकानदार गप्प बसला तर उत्तर मिळालंच.

मोठ्या टाकीनेही हवा वाढत नाही. 200 लिटरची टाकी 10 वरून 6 बारवर येईपर्यंत 28 घनफूट देते. गनला 12 सीएफएम लागतात आणि कॉम्प्रेसर 8 देतोय, तर खेळ सात मिनिटांचा.

होज अर्धा इंची घ्या. पाव इंची क्विक कपलर मधे टाकला की सगळं मुसळ केरात. गन आणि कॅबिनेट अर्थिंगला जोडा, कोरडं ग्रिट वाहताना चांगले झटके देतं. ग्रिट म्हणून ब्राउन अॅल्युमिनियम ऑक्साइड असेल तर 80 पीएसआय ठीक, काचेच्या मण्यांना 50 पुरे. नदीची वाळू मात्र कॅबिनेटातही नको: तिच्या सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही.

खंडेनवमीला कॉम्प्रेसरला झेंडूचा हार जरूर घाला. पण टाकी आतून गंजून फुटते ती साचलेल्या पाण्यामुळे, नजर लागून नव्हे. ड्रेन कॉक रोज काम संपल्यावर, थोडा दाब शिल्लक असतानाच उघडा. सेफ्टी व्हॉल्व्ह सुटतो म्हणून त्याची स्प्रिंग आवळणाऱ्या मिस्त्रीला गॅरेजात घेऊ नका. बिघाड बहुधा ठरलेल्या दाबाला मोटर बंद करणाऱ्या प्रेशर स्विचमध्ये असतो.