गोंदण आणि स्व-ओळख

कातडीत रंग टोचून कायमची खूण उमटवणे म्हणजे गोंदण. आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या, बर्फात टिकून राहिलेल्या ‘ओत्झी’ या माणसाच्या देहावर अशा ६१ खुणा आहेत. त्यांतल्या बऱ्याच झिजलेल्या सांध्यांजवळ आहेत, त्यामुळे त्या उपचारासाठी असाव्यात असे मानतात. थोडक्यात, प्रत्येक गोंदण ‘मी कोण’ हे सांगतेच असे नाही.

जिथे ते सांगते, तिथे आधी पाहावे ते हे की खूण ठरवली कोणी. न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींचा ‘मोको’, म्हणजे चेहऱ्यावरचे गोंदण, कूळ आणि प्रतिष्ठा सांगतो; एकोणिसाव्या शतकात काही सरदारांनी जमिनीच्या कागदांवर सही म्हणून आपल्या मोकोच्या रेषाच काढल्या. पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर पुरुषांचे कंबरेपासून गुडघ्यापर्यंतचे ‘पेआ’ गोंदण अर्धवट सोडणे लाजिरवाणे समजतात. इथे ओळख समाज देतो, माणूस ती सोसून मिळवतो. नाझींच्या आउशवित्झ छळछावणीत कैद्यांच्या हातावर गोंदलेले क्रमांक नेमके उलट होते: नाव पुसून टाकण्यासाठी. आज स्वखुशीने गोंदवणाऱ्यांत मृताची आठवण जपणारे असतात, तसेच आजारपणानंतर आपले शरीर पुन्हा आपलेसे करू पाहणारेही. स्तन काढल्यावर गोंदलेले स्तनाग्र हे त्याचे बोलके उदाहरण.

सुई साधारण १ ते २ मिलिमीटर आत, त्वचेच्या दुसऱ्या थरात जावी लागते. वरचा थर सतत झडून नवा होतो, म्हणून उथळ टोचलेला रंग निघून जातो. फार खोल गेला तर चरबीत पसरून रेषेभोवती निळसर डाग धरतो. आत रंग मॅक्रोफेज या भक्षक पेशी गिळून धरतात. उंदरांवरील प्रयोगांत दिसले की त्या मेल्या की सुटलेला रंग शेजारच्या नव्या पेशी उचलतात. ‘कायमची’ खूण अशी हातोहात टिकते, पण रेषा वर्षांगणिक जाड होतात. म्हणून बारीक अक्षरांत नाव गोंदवणे जोखमीचे: ‘घ’ आणि ‘ध’ पुढे ओळखू येत नाहीत. बोटांवर आणि तळव्यावर रंग लवकर विटतो.

वरची जखम दोन ते चार आठवड्यांत भरते. तोवर खपली खरवडू नये, पोहू नये. लाल रंगाची ॲलर्जी इतरांपेक्षा जास्त आढळते.

मत बदलले तर दोन वाटा. जुन्यावर गडद, मोठे चित्र काढता येते. फिकट रंगाने काळे झाकत नाही. लेझरने रंगाचे कण फुटतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. बैठका अनेक लागतात, दोन बैठकांमध्ये सहसा सहा ते आठ आठवडे सोडतात. काळा रंग त्यातल्या त्यात सहज जातो, हिरवा-पिवळा चिवट. पूर्ण कोरी कातडी मिळेलच असे नाही.